नाव आपलं, नोंद कोणाची?

वेबसाइट करायची ठरली की रंगांवर आठवडेच्या आठवडे जातात. पहिल्या पानावर फोटो कुठला, लोगो डावीकडे की मधोमध, अक्षरं बारीक की ठसठशीत, यावर प्रत्येकाला मत असतं आणि प्रत्येक जण ते हिरिरीने मांडतो. डोमेनचं नाव, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, मात्र बहुतेक वेळा एका बैठकीत, घाईघाईत उरकलं जातं. हे मिळत नाही, ते बघ, तेही गेलंय, बरं मग शेवटी एक आकडा जोडून टाक, झालं! वेबसाइटच्या कामात इतकी वर्षं वावरल्यावर हा क्रम मला फार खटकतो. रंग उद्या बदलता येतो. अख्खी वेबसाइट पाडून नवी उभी करता येते. नाव बदलायचं म्हटलं की मात्र छापलेली पाकिटं, बिलं, गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये साठवलेले मेल आयडी, दुसऱ्यांनी आपल्याकडे दिलेले दुवे, सर्च इंजिनांमध्ये सावकाश जमलेली ओळख, सगळंच मुळापासून हलवावं लागतं.

म्हणून या विषयावर मला थोडं सविस्तर आणि थोडं आग्रहानेच लिहायचं आहे. नाव निवडताना ऐकणाऱ्याचा विचार करावा आणि नोंदवताना ते स्वतःच्याच हाताने नोंदवावं, एवढाच माझा आग्रह. दोन्ही गोष्टी सरळ वाटतात. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या बहुसंख्य ठिकाणी नेमकं उलटं घडतं. नाव मालकाच्या हौशीने ठरतं आणि नोंदणी तिसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर होते.

आधी निवडीचं. उद्योगाचं नाव आपण पाटीवर, कागदावर, पडद्यावर बघून पसंत करतो. पण ते फिरतं तोंडी. कुणीतरी कुणाला तरी फोनवर, गर्दीत, गाडी चालवताना ते सांगतं आणि ऐकणारा नंतर आठवून टाइप करतो. १९९४ साली जेफ बेझोस यांनी आपल्या नव्या कंपनीला, म्हणजे आजच्या ॲमेझॉनला, ‘कॅडॅब्रा’ असं नाव दिलं होतं, जादूच्या मंत्रातल्या ‘ॲब्राकॅडॅब्रा’वरून. फोनवर त्यांच्या वकिलांना ते ‘कॅडॅव्हर’, म्हणजे प्रेत, असं ऐकू आलं. नाव गेलं. मग ‘रिलेंटलेस’ हे नावही विचारात होतं. रिलेंटलेस डॉट कॉम हे डोमेन घेऊनही झालं होतं, आणि ते आजही टाइप केलं तर ॲमेझॉनवरच पोहोचवतं. ऐकण्यातल्या एका चुकीने माणसाचं लाडकं नाव बाजूला पडलं, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. एका वकिलाला जे ऐकू आलं, ते पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकू आलं असतं.

नाव मराठी असेल तर यात आणखी एक पेच पडतो, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहिला जाणारा शब्द रोमन लिपीत शिरला की त्याला फाटे फुटतात. ‘प्रवाह’ घ्या. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू? काना एका ए-ने दाखवायचा की दोन? एवढ्या दोनच प्रश्नांनी चार वेगवेगळी डोमेनं तयार होतात, आणि चारही बरोबर आहेत असं म्हणणारी माणसं भेटतील. ‘दीप’मध्ये डबल ई घालणारे आहेत तसे आय लिहिणारेही आहेत. ‘ज्ञ’ची गोष्ट तर आणखी बिकट. मराठी माणूस त्यासाठी डीएनवाय लिहील, हिंदी भाषक जीवाय, आणि संस्कृत शिकलेला जेएन. आपल्या लेखी यातलं एकच खरं असतं. टाइप करणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

यावर माझा उपाय साधा आहे. नाव पक्कं करण्याआधी ते काही जणांना फोनवर एकदाच सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि त्यांनी काय टाइप केलं ते मागवून घ्यायचं. त्यात एखादी आजी असावी, एखादी कॉलेजातली मुलगी असावी, आपली भाषा नसलेलं कुणीतरी असावं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर नाव चांगलं. दोन रूपं आली तर दोन्ही घ्यावीत आणि एक दुसऱ्याकडे वळवून द्यावं. चार आली तर दुसरं नाव शोधावं. मन कितीही जडलेलं असलं तरी.

आकडे आणि आडवी रेघ यांचंही तेच. डोमेनच्या प्रत्येक भागात ६३ पर्यंत अक्षरं चालतात. रोमन लिपीतल्या डोमेनमध्ये अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच वापरता येतं, आणि अक्षर लहान की मोठं याने फरक पडत नाही. नियम परवानगी देतो म्हणून ६३ अक्षरांचं नाव कुणी घेत नाही, तसंच हायफनही शक्यतो घेऊ नये. तोंडी सांगताना ‘मध्ये आडवी रेघ आहे बरं का’ हे प्रत्येक वेळी पुरवणी म्हणून जोडावं लागतं आणि ऐकणारा नेमकं तेच विसरतो. वेबसाइट चुकली तर फार तर माणूस परत येईल. मेल चुकला तर तो बिनरेघेचं डोमेन ज्याच्याकडे आहे त्या परक्याच्या पेटीत जाऊन पडतो, सोबतच्या कोटेशनसकट.

उलट कधी कधी रेघेवाचून चालतही नाही. एक्स्पर्ट्स एक्स्चेंज ही तांत्रिक प्रश्नोत्तरांची जुनी वेबसाइट. तिचं इंग्रजी नाव सलग लिहिलं की मधला एस पुढच्या अक्षरांना चिकटतो आणि वाचणाऱ्याला त्यात लिंगबदल दिसतो. त्यांना शेवटी हायफन घालावाच लागला. डोमेनमध्ये दोन शब्दांच्या मध्ये जागा सुटत नाही, हे आपल्याला माहीत असतं. पण आपल्याच नावाकडे परक्याच्या डोळ्यांनी बघणं जमत नाही, म्हणून ते दुसऱ्याला वाचायला द्यावं.

वर्णनात्मक नावांचा मोह मोठा असतो. गाव आणि वस्तू एकमेकांना जोडली की नाव तयार, शिवाय शोधणाऱ्याला लगेच सापडेल अशी आशा. मला ही नावं कोती वाटतात. उद्योग दुसऱ्या गावी गेला किंवा दुसरी वस्तू विकायला लागला की नाव अंगाला आखूड होतं. आणि अशा सर्वसाधारण शब्दावर हक्क सांगणं अवघड जातं. बुकिंग डॉट कॉम या कंपनीला आपल्या नावाचा ट्रेडमार्क मिळवण्यासाठी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, कारण लोक ते नाव आता एका विशिष्ट कंपनीचं म्हणून ओळखतात हे त्यांना दाखवता आलं. नवख्या उद्योगाकडे असं दाखवायला काय असतं? त्यापेक्षा स्वतःचा, थोडा अनपेक्षित शब्द घ्यावा आणि त्यात आपल्या कामाने अर्थ भरावा. फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटने २००४ मध्ये आपल्या नावातला ई गाळला, कारण पूर्ण स्पेलिंगचं डोमेन दुसऱ्याकडे होतं. ते नाव रुजलंही. पण नंतर २०१० मध्ये ई असलेलं डोमेनही त्यांना घ्यावं लागलं. अक्षर गाळून मिळवलेल्या नावाची किंमत कधी ना कधी अशी चुकवावी लागतेच.

आता शेपटाकडे. डॉटनंतर काय असावं, याबद्दल माझं मत जुन्या वळणाचं आहे. उद्योग जगभर जाणार असेल तर कॉम, एका देशापुरता असेल तर त्या देशाचं. २०१३ पासून शेकडो नवी शेपटं आली, त्यातली काही सुंदर आहेत, पण माणसाच्या बोटांना कॉमची सवय आहे. ओव्हरस्टॉक या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये आपलं नाव आखूड करून ‘ओ डॉट सीओ’ केलं, त्यावर मोठी जाहिरात केली. लोक मात्र ‘ओ डॉट कॉम’ टाइप करत राहिले, आणि तशा नावाचं डोमेन मुळात चालूच नव्हतं. कंपनी मुकाट्याने जुन्या नावाकडे परतली.

दोन अक्षरी शेपटं देशांची किंवा प्रदेशांची असतात, हे फॅशनच्या नादात विसरलं जातं. एआय म्हणजे अँग्विला हे कॅरिबियन बेट. टीव्ही म्हणजे तुवालू. अशा डोमेनवर त्या त्या ठिकाणचा कायदा चालतो. लिबियाच्या नोंदणी यंत्रणेने २०१० मध्ये व्हीबी डॉट एलवाय हे डोमेन तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून काढून घेतलं. युगोस्लाव्हिया हा देश राहिला नाही, तेव्हा त्याचं वाययू हे शेपूटही २०१० मध्ये बंद झालं. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यावर तिथल्या हजारो उद्योगांची ईयू डोमेनं २०२१ च्या पहिल्या दिवशी निलंबित झाली. हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसला देण्याचं ब्रिटनने २०२४ मध्ये जाहीर केलं, आणि त्या प्रदेशाच्या नावाने चालणाऱ्या आयओचं पुढे काय, असा प्रश्न जगभरच्या तंत्रज्ञान कंपन्यांना पडला. डोमेन घेताना नकाशाही बघावा तो असा.

आपल्या लिपीतल्या डोमेनबद्दल मला आस्था आहे, म्हणून जे आहे ते स्पष्ट लिहिते. देवनागरीत डोमेन घेता येतं आणि २०१४ पासून डॉट भारतही मिळतं. आतून संगणक त्या नावाचं रोमन अक्षरांत रूपांतर करतो, एक्सएन आणि दोन हायफन यांनी सुरू होणारी एक लांबलचक माळ. ब्राउझरमध्ये आपल्याला देवनागरी दिसते, पण कुठे ना कुठे, एखाद्या फॉर्ममध्ये किंवा मेलच्या पेटीत, ती माळ उघडी पडते किंवा पत्ता अवैध ठरवला जातो. ही अडचण लिपीची नाही, जुनं सॉफ्टवेअर सुधारायचं राहून गेलंय त्याची आहे. देवनागरी नाव अवश्य घ्यावं, पाटीवर लावावं, जाहिरातीत वापरावं. ‘प्रवाह’चे चार फाटे तिथे उरत नाहीत, हा तर मोठाच फायदा. फक्त मेलसाठी सोबत एक रोमन डोमेन असू द्यावं.

इथवर मनाचं काम झालं. पुढचं काम नोंदीचं, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते.

डोमेन ‘विकत घेतलं’ असं आपण म्हणतो. खरं तर ते मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. सुरुवातीच्या काळात नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं. जाळं वाढलं तशी ही पद्धत पुरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम आखली. तिच्यात एकच यादी नाही, पायऱ्या आहेत. वर मूळ, त्याखाली कॉमसारखं शेपूट, त्याखाली आपलं नाव. वरची पायरी खालच्या पायरीचा पत्ता सांगते, म्हणून खालचं नाव चालतं. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीने पहिलं कॉम डोमेन नोंदवलं आणि त्या अख्ख्या वर्षात कॉमखाली फक्त सहा नावं आली. १९९५ पर्यंत नोंदणीला पैसेही पडत नव्हते.

पायऱ्यांची ही रचना आजही तशीच आहे. कॉमची मूळ वही व्हेरिसाइन ही कंपनी ठेवते. तिच्याकडे आपण थेट जात नाही, मध्ये रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, असतो. आणि बऱ्याचदा रजिस्ट्रार आणि आपण यांच्या मध्ये वेबसाइट करून देणारा असतो. घोळ या शेवटच्या पायरीवर होतो. ‘डोमेन, होस्टिंग, मेल सगळं आमच्याकडे लागलं’ असं तो म्हणतो, आणि आपल्याला हायसं वाटतं. तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मेल आयडीवर, कित्येकदा स्वतःच्याच नावाने नोंदणी करतो. मनात काही काळंबेरं नसतं, त्याला ते सोयीचं पडतं एवढंच. मी पाहिलेल्या एका उद्योगात असं डोमेन वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. मग करून देणाऱ्याने हे क्षेत्रच सोडलं, जुना मेल आयडी बंद केला. नूतनीकरणाच्या आठवणी त्या बंद पेटीत येत राहिल्या. उद्योग चालवणाऱ्या बाई रोज तेच नाव पाकिटावर छापत होत्या, आणि नोंदीत त्यांचा मागमूस नव्हता. पैसे त्यांनी भरले होते, पण रजिस्ट्रारच्या लेखी डोमेनधारक तो वेबसाइट करून देणारा मुलगा होता.

नोंदीतला एक रकाना किती वजनदार असतो हे कळण्यासाठी सेक्स डॉट कॉमचा खटला वाचावा. गॅरी क्रेमेन यांनी ते डोमेन १९९४ मध्ये नोंदवलं. पुढच्या वर्षी स्टीफन कोहेन या माणसाने एक बनावट पत्र पाठवलं, आणि रजिस्ट्रारने क्रेमेन यांना एका शब्दाने न विचारता नोंद बदलून दिली. डोमेन परत मिळायला २००० साल उजाडलं. २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डोमेन ही बळकावता येण्याजोगी मालमत्ताच आहे असं म्हटलं, तेव्हा कुठे रजिस्ट्रारची जबाबदारीही मान्य झाली. आता डोमेन परस्पर हलवता येऊ नये म्हणून लॉक आहे, ट्रान्सफरसाठी वेगळा कोड लागतो, दोन टप्प्यांत लॉगिन करता येतं. पण ही सगळी कुलुपं ज्याच्या खात्यात डोमेन आहे त्याच्या हातात असतात.

म्हणून खातं स्वतः उघडावं. रजिस्ट्रार आयकॅनची, म्हणजे डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या जागतिक संस्थेची, मान्यता असलेला घ्यावा. धारकाच्या जागी उद्योगाचं कायदेशीर नाव लिहावं, आपल्या करून देणाऱ्याला हवं तर नेमसर्व्हर, म्हणजे वेबसाइट कुठल्या संगणकावर आहे ते सांगणारी नोंद, बदलण्यापुरता प्रवेश द्यावा. संपर्काचा मेल आयडी त्याच डोमेनवरचा कधीही देऊ नये, यावर मी फार अडून बसते. डोमेन बंद पडलं की त्यावरचा मेलही बंद पडतो, आणि डोमेन बंद पडल्याची सूचना नेमकी तिथेच जाते. नोंदणीनंतर तो आयडी पंधरा दिवसांत पडताळून द्यावा लागतो, नाहीतर डोमेन स्थगित होऊ शकतं. नव्या वेबसाइटच्या धांदलीत तो मेल जाहिरात समजून उडवला जातो.

मुदतीचंही असंच आहे. रजिस्ट्रारने साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण करावी असा नियम आहे. मुदत संपली तरी लगेच सगळं हातचं जात नाही. कॉमसारख्या डोमेनला रजिस्ट्रार बहुधा काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतो, त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवस काहीच करता येत नाही आणि सहाव्या दिवशी ते कुणालाही खुलं. त्याची वाटच बघत बसलेले लोक आणि प्रोग्रॅम असतात. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनीही १९९९ च्या नाताळात पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण विसरली होती. हॉटमेलचं लॉगिन त्यावर अवलंबून होतं. लोकांचं मेल उघडेना. एका प्रोग्रॅमरने कारण ओळखलं आणि स्वतःच्या कार्डावरून पस्तीस डॉलर भरून टाकले. प्रत्येक उद्योगाच्या नशिबी असा भला माणूस येईल याचा भरवसा नाही, तेव्हा अनेक वर्षांची मुदत एकदम घ्यावी आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेवावं. ज्या कार्डावरून पैसे कापले जातात ते बदललं की इथेही बदलावं.

आणखी एक पायरी घाईत राहून जाते. डोमेन मिळालं याचा अर्थ ते नाव वापरायचा हक्क मिळाला असा होत नाही. रजिस्ट्रार फक्त एवढंच बघतो की ते कुणी आधी घेतलंय का. ट्रेडमार्कची नोंद आपली आपण शोधायची असते. उझी निसान यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाने, आपल्या संगणकाच्या व्यवसायासाठी निसान डॉट कॉम घेतलं. १९९९ मध्ये मोटारकंपनीने दावा लावला. डोमेन शेवटी उझी यांच्याकडेच राहिलं, पण खटला वर्षानुवर्षं चालला. त्यांची बाजू खरी होती, नाव जन्माने मिळालेलं होतं, तरी इतकं सोसावं लागलं. आज अशा तक्रारी १९९९ पासून लागू असलेल्या वादनिवारण पद्धतीने लवकर निकाली निघतात. तिथे तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवून वापरलंय. प्रामाणिक माणसाला तिथे भीती नाही. पण दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाच्या जवळ जाणारं नाव ‘लोकांच्या लक्षात राहील’ म्हणून घ्यायची कल्पना कुणी मांडली, तर ती तिथल्या तिथे खोडून काढावी.

डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर? रजिस्ट्रारच्या खात्यात आत जाऊन धारकाचं नाव बघायला सांगावं. बाहेरून शोधलं तर ते बहुतेक झाकलेलं असतं, कारण युरोपातला २०१८ चा गोपनीयता कायदा आल्यापासून माहिती सरसकट लपवली जाते. मग सरळ मागणी करावी, लेखी, आणि संबंध चांगले असतानाच. पाकिटावर नाव छापणाऱ्या त्या बाईंनी तसंच केलं. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाचा नवा नंबर शोधून काढला, त्यालाही वाईट वाटलं, त्याने खातं पुन्हा उघडून घेतलं आणि लॉक काढून ट्रान्सफरचा कोड पाठवला. बाईंनी स्वतःच्या नावाने खातं उघडलं, कोड टाकला, आलेल्या मेलला होकार दिला. डोमेन इकडून तिकडे गेलं तेव्हा वेबसाइट एक क्षणही बंद पडली नाही, कारण नेमसर्व्हर तेच होते. मग आम्ही दोघींनी बसून मुदत पाच वर्षांनी वाढवली आणि संपर्काच्या जागी त्यांचा आणि त्यांच्या मुलीचा मेल आयडी लिहिला.